प्रयोगवहीच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग

आमच्या गावात जी चार-दोन म्हातारी माणसं उरली आहेत, ती अगदी आत्तापर्यंत असंच धरून चालत होती की चाळीसेक वर्षांपूर्वी फाट्यावरच्या मिस्त्रीनं आमच्या बुलेटचं इंजिन चुकीचं बांधलं, म्हणून माझा धाकटा भाऊ पडला आणि त्याचा पाय आखूड झाला. हे खरं नाही. मिस्त्रीनं बांधलेलं इंजिन मी खोललं होतं आणि माझ्या हातानं परत बंद केलं होतं. भाऊ पडला तो माझ्या कामामुळे. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी बोललो नाही. आज माझं वय चौऱ्याहत्तर आहे. झालं ते क्रमानं लिहून ठेवतो.

मी तेव्हा केदारखेड्याच्या बाजूला एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. घरापासून शाळा सहा किलोमीटर. बुलेट मी एका निवृत्त फौजदाराकडून घेतली होती आणि ती तेव्हाच जुनी होती. गियर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. आवाज लांबून ओळखू यायचा, त्यामुळे मी फाट्यावर पोचायच्या आधी पोरं वर्गात बसलेली असायची. दोष एकच. तेल गळायचं.

इंजिनाच्या उजव्या अंगाला एक चपटं झाकण असतं. त्याला मिस्त्री लोक टायमिंगचं झाकण म्हणतात. त्याच्या खालच्या कडेनं तेल झिरपायचं आणि गाडी जिथं उभी राहील तिथं काळा ठिपका पडायचा. आमचे हेडमास्तर रोज तो ठिपका पाहून जायचे. एकदा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, आजचा ठिपका कालच्याहून मोठा आहे. पोरांकडून वाढीचा आलेख काढून घ्या."

मी गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्री आमच्याच गावचा, बौद्ध वस्तीतला. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. जालन्याला आयटीआय केलेला. फाट्यावर त्याचं पत्र्याचं शेड होतं. आसपासच्या पाच-सहा गावांतली विहिरीवरची डिझेल इंजिनं त्याच्याकडे यायची, अधूनमधून मोटारसायकली. दोन लोखंडी भाग एकमेकांवर बसवताना मधून तेल येऊ नये म्हणून कागदाचं पॅकिंग घालतात. तयार पॅकिंग जालन्याला मिळायचं, पण मिस्त्री स्वतः कापायचा, आणि तेही लग्नपत्रिकांचं. तो म्हणायचा, पत्रिकेच्या कागदासारखा कागद बाजारात नाही, फुगतही नाही आणि फाटतही नाही. लोकांनाही हे ठाऊक होतं. लग्न उरकलं की उरलेल्या पत्रिका त्याच्याकडे आणून टाकायचे. कापायच्या आधी तो पत्रिकेवरचं देवाचं चित्र वेगळं फाडून घ्यायचा आणि खळीनं पत्र्याला चिकटवायचा. गणपती, बुद्ध, रेणुका, तुळजाभवानी, सगळे एका रांगेत. कुणी विचारलं तर म्हणायचा, "यांना तेलात कशाला घालता? बसू द्या वर, बघतेत काम."

कापायची रीतही त्याची स्वतःची. कात्री नाही. पत्रिका थेट झाकणाच्या कडेवर ठेवायची आणि लहान गोल डोक्याच्या हातोडीनं हलकं ठोकत जायचं. लोखंडाची धार खालून कागद कापते. आधी सगळी भोकं काढायची, कडेला हात त्यानंतर. मी एकदा विचारलं की कडा आधी कापली तर सोपं नाही का जाणार. तो म्हणाला, "कडा कापली की माणसाला वाटतं झालं. भोक राहून जातं." एकेक भोक काढताना तो मोठ्यानं मोजायचा. स्क्रूची वेगळी, तेलाच्या वाटेची वेगळी.

माझ्यासमोर त्यानं झाकण खोललं, एका पिवळ्या पत्रिकेचं पॅकिंग कापलं, बसवलं. आठ दिवस ठिपका पडला नाही. नवव्या दिवशी बोराएवढा पडला. मी परत गेलो.

तो उकिडवा बसला, कडेवरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. "सर, एवढा घाम ही गाडी गाळतेच. झाकणाला बारीक बाक आलेला हाय. काचेवर घासून सरळ करावं लागंल. चार दिवस ठेवून जा."

"चार दिवस? मला शनिवारी पाहिजे."

"मंग शनिवारी घाम गाळत जाऊ द्या."

शनिवारी भावाच्या सोयरिकीचं होतं. मुलीचं गाव भोकरदनच्या पुढं, पिंपळगाव रेणुकाईच्या अंगाला. महिन्याभरापूर्वी आम्ही दोघं बुलेटवर मुलगी पाहायला गेलो होतो. त्यांनी आमच्यासाठी अंगण सारवलेलं. मी गाडी नेमकी त्याच अंगणात लावली. दोन तासांनी निघताना पाहतो तर हिरव्या सारवणावर काळा डाग, भाकरीएवढा. मुलीची आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, "पसंती तोंडानं सांगितली असती तरी चाललं असतं. पाव्हणे सही करून चालले." सगळे हसले. भाऊही हसला. मला ते लागलं. आज ते लागण्यासारखं काहीच नव्हतं असं वाटतं, पण मी शिक्षक होतो आणि हसण्याचा विषय व्हायची मला सवय नव्हती.

त्या घरी शनिवारी परत जायचं होतं, बोलणी पक्की करायला. डाग पडता कामा नये एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. मी घरी पाने घेतले आणि स्वतः झाकण खोललं. मिस्त्रीचं पिवळं पॅकिंग निघताना फाटलं. त्याच्या एका तुकड्यावर नवरदेवाची पदवी अर्धी वाचता येत होती. तो तुकडा मी चुलीत टाकला. नवं पॅकिंग कशाचं करावं म्हणून पाहिलं तर समोर प्रयोगवह्यांचा गठ्ठा होता, तपासायला आणलेला. एका कोऱ्या प्रयोगवहीचा तपकिरी पुठ्ठा काढला. जाड होता. जाड म्हणजे चांगला असं मी धरलं. झाकण पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं कड आखली आणि कात्रीनं कापली. मग स्क्रूची भोकं पाडली.

इथं जे झालं ते नीट लिहायला हवं, कारण भोक राहून गेलं असं मी म्हणालो तर ते खोटं होईल. राहून गेलं नाही. स्क्रूच्या भोकांशिवाय झाकणाच्या आतल्या अंगाला एक बारीक भोक होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यातून तेलाचा थेंब डोकावत होता. मी त्याकडे पाहिलं आणि तर्क केला की तेल इथूनच बाहेर येतं. हे झाकलं की गळती बंद. मी समजूनउमजून तिथं भोक पाडलं नाही. ती इंजिनाच्या पोटात तेल नेणारी वाट होती. रक्ताभिसरणाचा धडा मी वर्षाला तीन तुकड्यांना शिकवत होतो.

झाकण बसवलं, स्क्रू आवळले. गाडीखाली पांढरा कागद पसरला. शुक्रवारभर एक थेंब पडला नाही. पाणंदीपर्यंत जाऊन आलो, गाडी व्यवस्थित चालली. भावाला कागद दाखवला. तो म्हणाला, "दादा, तुम्ही शाळा सोडा, फाट्यावर शेड टाका."

शनिवारी माझी सकाळची शाळा होती. मी मागून एसटीनं येणार होतो. भाऊ एकटा बुलेट घेऊन पुढं गेला. भोकरदन मागं टाकल्यावर पाच-सहा किलोमीटरवर इंजिन जाम झालं आणि मागचं चाक जागीच अडकलं. तो रस्त्याच्या कडेच्या खडीवर पडला आणि गाडी त्याच्या मांडीवर. हाड दोन ठिकाणी मोडलं. औरंगाबादला दीड महिना होता. हाड जुळलं, पण पाय दीड इंचानं आखूड जुळला. त्या मुलीकडच्यांनी बोलणी पुढं नेली नाहीत. त्यांना मी कधी दोष दिला नाही, द्यायचा मला अधिकारही नव्हता.

तिसऱ्या दिवशी गाडी ट्रॅक्टरवर टाकून गावात आणली. मिस्त्रीला कळलं तसा तो स्वतःच आमच्या घरी आला. अंगणात दहा-बारा माणसं होती. त्याला कुणी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. तो ओट्याच्या खाली उभा राहिला, माझे वडील वर बसले होते.

वडील म्हणाले, "इंजिन तू खोललं होतंस का?"

"खोलल्तं दादा. पंधरा दिवस झाले."

"मग?"

"मला आत्ता खोलू द्या. सगळ्यांसमोर खोलतो. माझं चुकलं असंल तर हितंच दिसंल." त्याच्या हातात पान्यांची पिशवी होती. तो माझ्याकडे पाहत होता, कारण गाडी माझी होती.

त्या वेळी मी म्हणालो, "आता खोलून काय उपयोग? पाय तर गेला. माणसाकडून चूक होते. जाऊ द्या त्याला."

हे मी म्हणालो. शब्द असेच होते. अंगणातल्या लोकांना वाटलं मी त्याला माफ केलं. एक जण म्हणाला, "सरांचं मन मोठं म्हणून वाचला गडी." दुसऱ्यानं मिस्त्रीच्या जातीचं काही बोलून घेतलं. मी तेही थांबवलं नाही. मिस्त्री पिशवी घेऊन गेला.

पुढं कुणी मुद्दाम काही केलं नाही. विहिरीवरची इंजिनं त्याच्याकडे जायची बंद झाली, इतकंच. लोक ती भोकरदनला नेऊ लागले. वर्षाच्या आत त्यानं शेड मोडलं आणि बायकोमुलीला घेऊन जालन्याला गेला. लोखंडाच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला असं कानावर आलं. पत्रे उतरवताना देवांची चित्रं सगळी निघाली नसतील. मी त्या बाजूनं जाणं टाळलं.

बुलेट गोठ्याच्या मागं उभी राहिली. विकायला बरेच जण मागायचे. मी कधी दिली नाही. घरच्यांना वाटायचं माझा जीव आहे तिच्यावर. ज्याला विकली असती त्यानं पहिल्यांदा झाकण खोललं असतं, हे खरं कारण.

भावाचं चार वर्षांनी लग्न झालं, मुलगा झाला, शेती त्यानं माझ्याहून चांगली केली. त्याच्या डाव्या बुटाला जाड तळ लावून घ्यावा लागायचा. तो बूट जालन्याला नेऊन तळ बदलून आणायचं काम मी माझ्याकडे ठेवलं होतं. मिस्त्रीबद्दल त्यानं कधी वाईट शब्द काढला नाही. "यंत्र हाय दादा, अडकलं," एवढंच म्हणायचा. त्याला सांगायचं मी दोन-तीनदा ठरवलं. एकदा मळ्यात हरभरा सोंगताना आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "तुला एक सांगायचंय." तो म्हणाला, "सांगा की." मी त्याला मोटारीच्या पाइपाबद्दल काहीतरी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तो गेला.

त्याचा मुलगा पुण्याला कंपनीत असतो. मागच्या दिवाळीत आला तेव्हा गोठ्यामागं जाऊन गाडी पुसत बसला. वडिलांचे फोटो त्याच्याकडे मोजकेच आहेत, त्यातला एक या गाडीवरचा, पडायच्या आधीचा. म्हणाला, "मोठे बाबा, मी ही चालू करून घेतो. आता जुन्या गाड्या करणारे लोक आहेत." मी नको म्हणायला काही कारण शोधत होतो. तोवर त्यानं टेम्पो सांगितलाही.

दोन दिवसांनी त्याचा जालन्याहून फोन आला. "मोठे बाबा, इथं एक ताई आहेत, त्यांचं गॅरेज आहे. जुन्या बुलेटचं काम करणारं त्यांच्यासारखं जिल्ह्यात कुणी नाही म्हणतात. पण त्यांचे वडील आले, गाडीचा नंबर पाहिला आणि म्हणाले, मालक समोर असल्याशिवाय झाकण खोलायचं नाही. तुम्हालाच बोलवा म्हणतात."

मी विचारलं, "गावाचं नाव सांगितलंस का?"

"मी नाही सांगितलं. त्यांनीच मला सांगितलं."

पुतण्या मला न्यायला आला. रस्ताभर तो हेडलाइट कुठून मिळवायचा ते बोलत होता. मी ठरवलं होतं की पोचल्या पोचल्या सांगून टाकायचं, स्क्रूला हात लागायच्या आधी.

मिस्त्री प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता. केस पूर्ण पांढरे, हाताला कंप. मला पाहून उठायला लागला, मुलीनं त्याला बसवलं. मुलगी पंचेचाळिशीची, सलवारीवर निळा एप्रन, हाताला कोपरापर्यंत तेल. गाव सोडताना ती शाळेतही जात नव्हती. भिंतीवर पत्रिकांवरची चित्रं होती, आता मोबाइल कंपनीच्या कॅलेंडरशेजारी.

"या सर," मिस्त्री म्हणाला. "थकलात."

"तूही थकलास."

"म्या तर कव्हाच थकलो. ही करती काम, म्या नुसता बसून तोंड चालवतो."

"खरंय," मुलगी म्हणाली. "पान्यापेक्षा तोंडच जास्ती चालतंय."

चहा आला. मी सांगितलं नाही. चहा संपला. मुलीनं गाडी उजव्या अंगानं दिव्याकडे वळवली. मिस्त्रीनं खुर्ची जवळ ओढून घेतली.

"सर, तुम्हाला तरास दिला," तो म्हणाला. "पण म्या त्या दिशी खोलतो म्हणालो आन तुम्ही न्हाई म्हणाले. तुमचं मन मोठं होतं, तुम्ही सोडून दिलं. मला न्हाई सोडता आलं. म्या भोकं मोजली होती का न्हाई, त्या दिशी? मोजलीच असतील. पण आठवत न्हाई. चाळीस वर्षं झाले, म्या तीच पिवळी पत्रिका झोपेत कापून राह्यलो. तव्हापासून मालक समोर बसल्याबिगर म्या एक इंजिन बंद केलं न्हाई. इला बी तसंच शिकवलं. माझी चूक निघाली तर निघू द्या, फक्त तुमच्यासमोर निघाली पाहिजे. मंग मी सुटलो."

मला वाटत होतं त्याला माझा संशय असेल. चाळीस वर्षं मी तेच धरून चाललो होतो की तो मला ओळखून आहे. त्याला संशय आला होता तो स्वतःच्या हातांचा.

मुलगी स्क्रू काढू लागली. गंजले होते, एकेकाला हातोडीचा टोला देऊन मग पेचकस फिरवावा लागत होता. ती काढलेला स्क्रू ताटलीत टाकायची आणि तो आवाज करायचा. मी आवाज मोजत होतो. शेवटचा स्क्रू ताटलीत पडला, तिनं झाकणाच्या कडेला लाकडी ठोकळा लावला, आणि तेव्हा मी म्हणालो, "थांब. आत त्याचं पॅकिंग नाही. माझं आहे."

तेव्हा म्हणजे अगदी शेवटी. झाकण निघाल्यावर कुणालाही दिसलंच असतं. म्हणून मी आपणहून कबूल केलं असं कुणी समजू नये.

मुलगी थांबली. पुतण्यानं विचारलं, "तुमचं म्हणजे?"

मी सांगितलं. गुरुवारची सुट्टी, प्रयोगवही, कात्री, बारीक भोक. अंगणात काय म्हणालो तेही सांगितलं, ते पुतण्याला माहीत नव्हतं. सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मिस्त्री मुलीला म्हणाला, "काढ."

तिनं ठोकळ्यावर एक टोला दिला. झाकण निघालं. पॅकिंग त्याला चिकटून आलं. तिनं पातळ पात्यानं ते अख्खं सोडवलं आणि पुसलं. "बाबा, पिवळं न्हाई. तपकिरी हाय. वर 'इयत्ता' लिहिलेलं दिसतंय."

मिस्त्रीनं ते दोन्ही हातांत घेतलं. मग मांडीवर ठेवलं आणि बोटानं भोकं मोजायला सुरुवात केली. मोठ्यानं. स्क्रूची मोजून झाली. मग बोट आतल्या अंगाला गेलं आणि जिथं भोक हवं होतं तिथं थांबलं. तिथं चाळीस वर्षांच्या तेलाचा गोल वळ उमटला होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.

त्यानं बोट उचललं. मग म्हणाला, "कडा चांगली कापली सर."

पुतण्या उठून बाहेर गेला. त्यानं बाहेर काय केलं मला माहीत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी आला. आमच्यात त्या दिवशी त्यावर बोलणं झालं नाही, नंतरही फारसं नाही. तो मला अजून मोठे बाबा म्हणतो. फोन पूर्वीपेक्षा कमी करतो.

मी मिस्त्रीला म्हणालो की माझ्याकडून जे होईल ते मी करीन.

"तुमच्याकडून काय व्हायचंय आता?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मला माफी-बिफी नका मागू, मला ती ठेवायला जागा न्हाई. ज्या अंगणात तुम्ही मला सोडलं, तिथं चला. जे लोक तव्हा होते त्यांच्यासमोर म्हणा, सोडायसारखं काही नव्हतंच."

"त्यातले दोघं-तिघंच आहेत."

"मंग जल्दी चला."

गाडीला महिना लागला. झाकण मुलीनं काचेवर घासून सरळ केलं, जे काम मिस्त्री चार दिवसांत करतो म्हणाला होता. पोटातले जळालेले भाग बदलले. तयार पॅकिंग आता कुठंही मिळतं, तिनं तेच घातलं. घालण्याआधी भोकं मात्र माझ्यासमोर मोजली. मालक मीच होतो.

मार्चमध्ये आम्ही गावी गेलो. पुतण्या बुलेटवर, मुलगी कार चालवत होती, मी आणि मिस्त्री मागं. फाट्यावर त्यानं गाडी थांबवायला सांगितली. शेडच्या जागी आता खताचं दुकान आहे. तो उतरला नाही, काच खाली करून पाहिलं आणि चला म्हणाला.

मी आधीच निरोप पाठवले होते. आमच्या अंगणात चौघं म्हातारे आले. त्यांतले दोघं तेव्हा हजर होते. मी मिस्त्रीला ओट्यावर खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. या खेपेला सोपं गेलं, आणि ते मला बरं वाटलं नाही. मग त्या दोघांतला एक, ज्याचं डिझेल इंजिन सगळ्यात आधी मिस्त्रीकडे जायचं बंद झालं होतं, मान हलवत म्हणाला, "एवढ्या वर्षांनी कबूल करायचं म्हणजे सर, मन मोठं लागतं."

मिस्त्री हसायला लागला. दात नव्हते, त्यामुळे हसू सगळ्या तोंडभर झालं. "बघा," तो मला म्हणाला, "अजून बी तुमचंच मोठं!"

त्याची मुलगीही हसली. मी हसलो नाही. त्या वाक्यासाठी मी हे लिहितो आहे. अंगणात सांगून पुरत नाही असं मला त्या दिवशी दिसलं. तेव्हा माझं मन मोठं नव्हतं आणि आताही नाही. मिस्त्रीनं झाकण खोलायला घेतलं नसतं तर मी बोललो नसतो.

हसणं ओसरल्यावर तो म्हातारा जरा चाचरत मिस्त्रीला म्हणाला, "आमचं ते इंजिन अजून विहिरीवर पडलेलं हाय. तुमच्यानंतर ते कव्हा धड चाललंच न्हाई. भोकरदनवाल्यानं बी हात टेकले. आता मोटर हाय म्हणा, पण... आलेच हाईत तर पाहता का?"

"तव्हा आणायचं होतं ना, पाटील."

"न्हाई आणलं खरं."

मिस्त्रीनं मुलीकडे पाहिलं. तिनं कारमधून पान्यांची पिशवी काढली. दोघं त्या म्हाताऱ्यामागं पाणंदीनं निघाले, मिस्त्री काठी टेकत, मधे मधे थांबत. मला कुणी चला म्हटलं नाही. मी अंगणात राहिलो. बुलेट तिथंच उभी होती.

तासाभरानं ते आले. मुलीचे हात काळे झाले होते. मी विचारलं, काय निघालं.

"कायी न्हाई," मिस्त्री म्हणाला. "एक वॉशर उलटा होता. पाच मिनिटांचं काम. पन्नास पावलांवरून सांगितलं असतं." तो ओट्यावरच्या खुर्चीत बसला आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "पाटील, पाणी सांगा की घरात."

पाटील स्वतः उठला. माझ्या घरात गेला आणि तांब्या घेऊन आला.